सही कोणाची?

गेल्या मंगळवारी आमच्या टीममध्ये नवीनच लागलेला एक मुलगा माझ्या टेबलापाशी आला. चेहऱ्यावर "सापडलं!" असा भाव. "सर, तो हेल्पर लिंकऐवजी पानावर टॅगच छापत होता ना, त्याचा उपाय मिळाला. शेवटी एचटीएमएल_सेफ लावलं की नीट दिसतं. टाकू का कोड?"

मी म्हटलं, "थांब. बस जरा."

बसवलं त्याला, चहा मागवला आणि जवळजवळ पाऊण तास पिडलं. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. तेच आज शनिवारचं निमित्त साधून इथे सविस्तर लिहितोय. कारण हाच उपाय मी स्वतः २०११ साली एका संध्याकाळी चाळीसेक ठिकाणी लावला होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगायला अजून थोडी लाजच वाटते. पण नुसती ती गोष्ट सांगून भागणार नाही. हा उपाय मुळात आला कुठून आणि त्याआधी लोक काय करत होते हे कळल्याशिवाय माझी चूक नेमकी काय होती ते कळायचं नाही. तेव्हा आधी थोडा इतिहास. प्रोग्रामर नसलेल्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही, फार तांत्रिक होऊ देणार नाही. (बघू कितपत जमतंय!)

तर, वेबपान म्हणजे शेवटी साधा मजकूर. त्यातलं दाखवायचं काय आणि पाळायचं काय हे ब्राउझरला एका चिन्हावरून कळतं. ते चिन्ह म्हणजे <. ते दिसलं की पुढे हुकूम आहे असं तो समजतो. अक्षर ठळक कर, चित्र लाव, लिंक दे, स्क्रिप्ट चालव. आता मजकुरातच कोणाला < लिहायचं असेल तर? त्यासाठी सांकेतिक रूप आहे: &#60;. हे वाचून ब्राउझर पडद्यावर < काढतो, पण हुकूम मानत नाही. यामुळे & या चिन्हालाही खास अर्थ आला, म्हणून त्याच्यासाठी &#38;. याला आम्ही लोक 'एस्केप करणं' म्हणतो. टिम बर्नर्स-ली आणि डॅन कॉनली यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं जे टिपण काढलं (आरएफसी १८६६), त्यात ही सांकेतिक रूपं दिलेली आहेत. म्हणजे औषध पहिल्यापासून होतं. ते कोणी द्यायचं आणि कधी द्यायचं, एवढाच प्रश्न होता. तो सुटायला पुढची पंधरा वर्षं गेली.

हेल्पर म्हणजे एचटीएमएल हातानं लिहायचे कष्ट वाचवणारी छोटीशी मेथड. आपण नाव आणि पत्ता द्यायचा, तो लिंकचा टॅग बनवून देतो. रक्कम द्यायची, तो चलनाचं चिन्ह आणि स्वल्पविराम लावून देतो. गोची अशी की हेल्पर जे बनवतो त्यात दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे टॅग, जे हुकूम म्हणूनच जायला हवेत. दुसरी म्हणजे लोकांनी फॉर्ममध्ये भरलेला मजकूर, जो हुकूम म्हणून कधीच जाता कामा नये. एकदा जोडल्यावर कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही मिळून एकच स्ट्रिंग. दुधात पाणी घातल्यावर वेगळं काढणार कसं?

या मिसळीचा धोका किती मोठा आहे हे जगजाहीर झालं ते २००० साली. त्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी या प्रकाराला 'क्रॉस साइट स्क्रिप्टिंग' असं नाव दिलं, आणि २ फेब्रुवारी २००० ला अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेनं जाहीर सूचना काढली. सूचनेचं सार असं, की तुमची साइट दुसऱ्याचा मजकूर न तपासता पानात घालत असेल तर तो दुसरा तुमच्या नावावर तुमच्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये वाटेल ते चालवू शकतो.

यावर काहींना वाटलं की मजकूर आत घेतानाच साफ करून ठेवावा, म्हणजे पुढे कटकट नाही. पीएचपीमध्ये मॅजिक कोट्स नावाचा प्रकार याच विचारातला. (तो डेटाबेसपुरता होता, एचटीएमएलसाठी नव्हे, पण धडा तोच.) फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाच्या आधी तो आपणहून एक उलटी तिरकी रेघ घालायचा. गोव्यातले कोणी डी'सूझा फॉर्म भरायला बसले की त्यांचं नाव डी\'सूझा व्हायचं. त्यांनी पुन्हा दुरुस्त करून पाठवलं की आणखी रेघा. त्या काळी कितीतरी साइटवर अशा रेघांचं कुंपण घातलेली नावं दिसायची. कारण उघड आहे. मजकूर पुढे डेटाबेसात जाणार, पानावर जाणार, का ईमेलमध्ये जाणार, हे आत घेताना माहीतच नसतं, आणि प्रत्येक ठिकाणचं पथ्य वेगळं. पीएचपीवाल्यांना अखेर ते पटलं. २००९ च्या ५.३ मध्ये मॅजिक कोट्स वापरू नका असं सांगितलं आणि २०१२ च्या ५.४ मधून काढूनच टाकलं.

म्हणजे साफसफाई करायची ती बाहेर पडताना, दारात. पण दारात उभं कोण राहणार?

जुलै २००४ मध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सननं रुबी ऑन रेल्स बाहेर काढलं, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर 'प्रोग्रामर' असं होतं. रेल्सची पानं ईआरबी नावाच्या टेम्प्लेटमध्ये लिहायची. ते जपानच्या सेकी मासातोशी यांचं काम, २००३ च्या रुबी १.८ पासून भाषेबरोबरच मिळायला लागलं होतं. त्यात <%= %> अशा कंसांत जे लिहाल ते जसंच्या तसं पानावर छापलं जायचं. एस्केप करून हवं असेल तर आत 'एच' हे एक अक्षर जोडायचं. बस, एवढंच. एच लिहिलं तर सुरक्षित, विसरलं तर भोक. आणि विसरल्याचं कळायचं कसं? पान तर दोन्ही वेळा सारखंच दिसतं! कोणीतरी मुद्दाम खोडी काढेपर्यंत काहीच वेगळं दिसत नाही.

ती खोडी निघालीच. ४ ऑक्टोबर २००५ ला सॅमी कामकार या एकोणीस वर्षांच्या पोरानं मायस्पेसवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लपवली. मायस्पेसची चाळणी 'जावास्क्रिप्ट' हा शब्द पकडायची, तर यानं शब्दाच्या मधोमध नवी ओळ टाकून तो तोडला. काही ब्राउझर तो तरीही जोडून वाचायचे. जो कोणी ते प्रोफाइल उघडेल त्याच्या यादीत सॅमी मित्र म्हणून जायचा आणि तीच स्क्रिप्ट त्याच्याही प्रोफाइलमध्ये उतरायची. वीस तासांत दहा लाखांहून जास्त प्रोफाइल! मायस्पेसला साइट बंद ठेवावी लागली.

त्याच वर्षी मे महिन्यात जोएल स्पोल्स्की यांनी यावर एक लेख लिहिला होता. चुकीचा कोड डोळ्यांना चुकीचा दिसला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा. लोकांकडून आलेल्या स्ट्रिंगच्या नावाआधी 'यूएस' लावा, एस्केप केलेल्याच्या आधी 'एस', म्हणजे यूएसवाली स्ट्रिंग सरळ छापलेली दिसली की नजरेला खटकेल. कल्पना सुंदर. पण पहारेकरी पुन्हा माणूसच. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, रिलीज डोक्यावर असताना, कोणाची नजर खटकणार?

हे काम यंत्राला द्यायचं धाडस पायथॉनच्या जँगोनं आधी केलं. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या जँगो १.० मध्ये टेम्प्लेटमधून बाहेर पडणारी प्रत्येक स्ट्रिंग आपोआप एस्केप व्हायला लागली. नको असेल तर 'हे सेफ आहे' असं तुम्ही सांगायचं. रेल्समध्ये हाच बदल ऑक्टोबर २००९ मध्ये न्यूझीलंडच्या मायकेल कोझिआर्स्कीनं आणला, आणि जँगोकडून प्रेरणा घेतल्याचं त्याच्या टिपणात मोकळेपणानं लिहिलंय. तो बदल सर्वांच्या हातात पडला २९ ऑगस्ट २०१० ला, रेल्स ३.० बरोबर. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटनंही २०१० मध्येच <%: %> हा आपोआप एस्केप करणारा कंस दिला. दहा वर्षं 'लक्षात ठेवा' म्हणणारे दोन-तीन वर्षांत 'आम्हीच लक्षात ठेवतो' म्हणायला लागले.

आणि त्याच दिवसापासून जगभरच्या प्रोग्रामरांची एकच तक्रार सुरू झाली: माझा हेल्पर टॅग छापतोय!

आता माझी गोष्ट. २०११ च्या सुरुवातीला एका संस्थेची साइट रेल्स २ वरून ३ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. मराठी माणसांची संस्था, सभासदांची यादी, लेख, अभिप्राय वगैरे. मी वर्जन बदललं, पान उघडलं आणि धसकाच घेतला. मेनूच्या जागी नुसते टॅग. 'पुढे' या लिंकशेजारी बाणाऐवजी &#187;. आणि सभासदांची नावं? नावांच्या जागी हे:

&#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368;

ओळखा पाहू काय लिहिलंय! 'मराठी'. २३५० म्हणजे म, २३५२ म्हणजे र, २३६६ म्हणजे काना, आणि असंच पुढे. हे युनिकोडचे क्रमांक. साइटची जुनी पानं युरोपीय लिपीच्या आयएसओ ८८५९-१ या एन्कोडिंगमध्ये होती. त्या एन्कोडिंगच्या फॉर्ममध्ये कोणी देवनागरी टाइप केलं की ब्राउझर काय करतो, तर न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी असा क्रमांक पाठवून देतो. तेच डेटाबेसात बसलं होतं. जुन्या साइटवर कोणीच 'एच' लावलेलं नव्हतं, त्यामुळे क्रमांक जसेच्या तसे बाहेर पडायचे आणि ब्राउझर त्यांची पुन्हा अक्षरं करायचा. चारपाच वर्षं कोणाला पत्ताही नव्हता. रेल्स ३ नं प्रत्येक & एस्केप केला, आणि सगळी सभासद मंडळी आकड्यांत गेली.

दुसऱ्या दिवशी संस्थेला साइट दाखवायची होती. नेटवर शोधलं, एचटीएमएल_सेफ सापडलं. एका ठिकाणी लावून बघितलं, नाव दिसलं. मग काय, शोधा आणि बदला! चाळीसेक ठिकाणी लावत गेलो. त्या गडबडीत एका सभासदाच्या 'गाव' या रकान्यात गावाच्या नावापुढे एक आयफ्रेमचा टॅग छापलेला दिसला, रुंदी शून्य, उंची शून्य. मला वाटलं हाही त्याच कचऱ्यातला. सेफ लावलं, गेला. रात्री साडेनऊला घरी जाताना स्वतःवर खूश होतो.

तीन आठवड्यांनी आमच्या लीड मॅडम कोड बघायला बसल्या. काही बोलल्या नाहीत. त्यांनी चाचणीच्या साइटवर एक सभासद तयार केला, नावाच्या रकान्यात स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि यादीचं पान उघडलं. टिंग! पानाच्या मधोमध अलर्टची खिडकी.

"हे सेफ आहे असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बघितलं होतंस?"

काय सांगणार? मला तो आयफ्रेम आठवला आणि पोटात गोळा आला. डेटाबेस तपासला. दोन नोंदींत आयफ्रेम होते, दोन्ही २००८ सालचे. न दिसणारा आयफ्रेम म्हणजे पान उघडणाऱ्याला नकळत दुसऱ्याच साइटवरचं काहीतरी त्याच्या ब्राउझरमध्ये उघडायचं. तीन वर्षं ते तिथे जिवंत होते. आम्ही तपासलं तेव्हा त्यांच्या पलीकडचा पत्ता बंद पडलेला होता, त्यामुळे मधल्या काळात कोणाकोणाला काय झालं याचा हिशोब लागायची सोय उरली नव्हती. भोक मी पाडलेलं नव्हतं हे खरं. पण रेल्स ३ नं ते बुजवलं होतं. नुसतं बुजवलं नव्हतं, तर तो टॅग अक्षरशः माझ्या डोळ्यांसमोर छापून दाखवला होता. आणि मी तो पुन्हा झाकून टाकला. चोर कंदिलाच्या उजेडात दिसला, तर मी कंदीलच विझवला!

संस्थेला कळवणं भाग होतं. त्यांचे सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले. फोनवर सगळं सांगितलं, तांत्रिक शब्द टाळत. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे मूळ कागद न बघता तुम्ही साक्षांकित केलंत म्हणा की."

त्या वेळी मान खाली गेली, पण एचटीएमएल_सेफ म्हणजे काय हे मला इतक्या नेमकेपणानं कुठल्या पुस्तकानंही सांगितलेलं नाही. साक्षांकित प्रती आठवतात? मार्कलिस्टची झेरॉक्स घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायचं, ते शिक्का मारून सही करायचे. सही केल्यानं कागद खरा होत नसतो. 'मी मूळ बघितलंय, जबाबदारी माझी' एवढंच ती सही सांगते. एचटीएमएल_सेफ मजकूर धूत नाही, तपासत नाही, काही काही करत नाही. नाव मात्र असं, की लावलं की सेफ होतं असं वाटावं. ती नुसती सही आहे.

ही उपमा घेतली की हेल्परचे बहुतेक घोळ उलगडतात. रेल्सकडे दोन प्रकारचे कागद आहेत, साधी स्ट्रिंग आणि साक्षांकित प्रत, जिला तिथे सेफबफर म्हणतात. लिंक_टू, कंटेंट_टॅग हे रेल्सचे स्वतःचे हेल्पर आत येणारा मजकूर एस्केप करतात आणि साक्षांकित प्रत देतात. दारातला पहारेकरी शिक्का बघतो. असेल तर जाऊ देतो, नसेल तर एस्केप करतो. आता साक्षांकित प्रतीची झेरॉक्स काढली तर ती साक्षांकित राहते का? नाही. इथेही तसंच. लिंक_टूचं उत्तर अवतरणचिन्हांच्या आत घालून नवी स्ट्रिंग बनवली की ती झेरॉक्स, शिक्का गेला. ॲरेमधले तुकडे जॉइननं जोडले, शिक्का गेला. आणि बेरजेचा क्रम तर फारच फसवा. आधी साक्षांकित प्रत आणि तिला साधी स्ट्रिंग जोडली, तर जोडताना साधी एस्केप होते आणि उत्तर साक्षांकित राहतं. पण आधी साधी रिकामी स्ट्रिंग घेऊन तिला साक्षांकित जोडत गेलात, की उत्तर साधंच. मग दारात सगळंच एस्केप होतं आणि टॅग छापले जातात. तेच तुकडे, तीच बेरीज, फक्त सुरुवात वेगळी.

टॅग छापले जाणं हा एक आजार झाला. त्याच्या आसपास आणखी दोनतीन आहेत आणि नवखा माणूस सगळ्यांवर एकच गोळी देतो. एकदा माझ्या हेल्परमध्ये तीन ओळींत तीन कंटेंट_टॅग होते आणि पानावर फक्त तिसरा दिसत होता. कारण रुबीची मेथड शेवटच्या ओळीचं उत्तर तेवढं परत देते, आधीचे दोन बनले आणि हवेत विरले. दुसऱ्या एका ठिकाणी टॅगांबरोबर चौकटी कंस आणि अवतरणचिन्हंही छापली जात होती. तिथे मेथड ॲरे परत देत होती. रुबी १.८ मध्ये ॲरे छापला की तुकडे आपोआप जोडले जायचे, १.९ पासून तो कंसांसकट छापला जातो. म्हणजे जुना कोड नशिबानं चालत होता. आणि फॉर्म_फॉरचा फॉर्मच गायब असेल तर कंस बघावा. रेल्स २ मध्ये तिथे <% लिहायचो, रेल्स ३ पासून <%= लागतं. ३.० मध्ये नुसती सूचना यायची, ३.१ पासून बरोबरीचं चिन्ह विसरलं की फॉर्म नाही. यातल्या एकाही आजाराला सहीचा उपयोग नाही.

संस्थेच्या साइटचं औषध मुळातच करावं लागलं. मी लावलेल्या सह्या काढल्या आणि डेटाबेसातल्या क्रमांकांची एकदाच खरी अक्षरं करून घेतली. देवनागरीची जागा २३०४ ते २४३१, तेवढेच क्रमांक बदलायचे असं ठरवलं. चालवलं, नावं आली. मग एक कुऱ्हाडे आडनावाचे सभासद निघाले, त्यांचं नाव 'कुर्&#8205;हाडे' असं! आपला तो खास मराठी अर्धा र, तो त्या काळी बरेच जण न दिसणारा एक जोडक लावून टाइप करायचे. त्याचा क्रमांक ८२०५, देवनागरीच्या हद्दीबाहेरचा. तोही यादीत घातला. बाकीचे सगळे & आणि < जसे होते तसे ठेवले, ते दारात एस्केप होतात.

कोणी म्हणेल, फ्रेमवर्कवाले तरी न बघता सही करत नसतील. करतात हो, तीही माणसंच. जून २०११ मध्ये रेल्सनं जाहीर केलं की साक्षांकित प्रतीत जीसबनं मधला मजकूर बदलला तरी शिक्का तसाच राहत होता. म्हणजे सही झाल्यावर खाडाखोड! ती वाट बंद केली, तर मार्च २०१२ मध्ये प्रतीचा तुकडा कापून घेतल्यावरही असाच घोळ होतो असं निघालं. ऑगस्ट २०१२ मध्ये कळलं की एकेरी अवतरणचिन्ह एस्केपच होत नव्हतं. तेव्हापासून तेही एस्केप होऊन बाहेर पडतं.

आणि १८ फेब्रुवारी २०१४ ची दुरुस्ती तर आपल्याला फारच जवळची. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, ऑक्टोबरमध्ये ते युनिकोड ६.० मध्ये आलं, क्रमांक ८३७७. तेव्हा कीबोर्डवर चिन्ह कुठलं? म्हणून रेल्सच्या चलनवाल्या हेल्परला एकक म्हणून &#8377; द्यायचं आणि बिलावर ₹ दिसायचं, असं आम्ही सर्रास करायचो. ते चालायचं, कारण तो हेल्पर एकक न तपासता सगळ्यावर साक्षांकितचा शिक्का मारत होता. एकक किंवा रकमेचा नमुना वापरणाऱ्याकडून येत असेल तर तेही भोकच. ते बुजवल्यावर आमच्या एका प्रोजेक्टच्या बिलावर रकमेआधी &#8377; असं छापून आलं आणि "अपडेटनं हेल्पर बिघडवला" म्हणून ओरड झाली. बिघडला नव्हता, सुधारला होता. आम्ही त्या जागी सरळ ₹ टाइप केलं. तिथे एचटीएमएल_सेफ लावलं असतं तरी चाललं असतं म्हणा, कारण ते एकक आमच्याच हातानं कोडमध्ये लिहिलेलं होतं. मूळ कागद बघून केलेली सही ती.

फेसबुकनं मे २०१३ मध्ये रिॲक्ट सर्वांसाठी खुलं केलं, त्यात याच कामाच्या सोयीचं नाव 'डेंजरसली सेट इनर एचटीएमएल' असं ठेवलंय. टाइप करतानाच हात थबकतो. रेल्सनं एचटीएमएल_सेफऐवजी 'मी_जबाबदार' असं नाव ठेवलं असतं, तर त्या संध्याकाळी माझा हात चाळीस वेळा चालला नसता असं मला अजून वाटतं.

तर परत मंगळवारकडे. मुलाचा हेल्पर दोघांनी मिळून उघडला. रिकामी स्ट्रिंग, तिला लूपमध्ये लिंका जोडलेल्या, आणि मध्येच ग्राहकानं भरलेलं कंपनीचं नाव अवतरणचिन्हांच्या आत कोंबलेलं. एचटीएमएल_सेफ लावल्यावर सगळं छान दिसत होतं, आणि कंपनीच्या नावाला दार सताड उघडं होतं. रिकामी स्ट्रिंग काढली, तुकडे ॲरेत घेतले, कंपनीचं नाव कंटेंट_टॅगला दिलं आणि शेवटी सेफ_जॉइन लावलं. हे जोडताना ज्याच्यावर शिक्का नाही ते एस्केप करतं. दोन ओळी कमीच झाल्या.

"मग एचटीएमएल_सेफ कधी वापरायचंच नाही का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "वापर ना. पण आधी स्ट्रिंगचा प्रत्येक तुकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे. एकही तुकडा लोकांनी टाइप केलेला असेल तर सही नाही."

मग त्याला म्हटलं, चल, अख्ख्या प्रोजेक्टमध्ये किती सह्या आहेत त्या शोध. एकतीस निघाल्या. एकेकीचा कागद बघत बसलो. सत्तावीस ठीक होत्या. चारमध्ये लोकांचा मजकूर होता. कोणी केल्या म्हणून गिट ब्लेम लावलं, तर चारपैकी एक माझीच निघाली, २०१६ ची. म्हणजे सेक्रेटरी काकांच्या त्या फोननंतरची!

मुलगा हसला नाही, तेवढं त्याचं मोठेपण.

असो. चारही दुरुस्त केल्या. चूकभूल द्यावी घ्यावी. बाकी पुढच्या शनिवारी.